खुर्ची नेहरूंनी दिली म्हणे!

सीमेवर कुठे खुट्ट झालं, किंवा चीनने संयुक्त राष्ट्रांत आपल्याला आडवं घातलं, की तासाभरात तो फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडतो. पाठवणारे बहुधा मामा. मजकूर असा: ‘१९५० मध्ये अमेरिकेने आणि १९५५ मध्ये रशियाने सुरक्षा परिषदेची कायमची खुर्ची भारताला देऊ केली. नेहरूंनी ती चीनला देऊन टाकली. म्हणून आज चीनकडे व्हेटो आहे आणि आपण दारात उभे.’ यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो.

आधी ‘देऊन टाकली’ हे घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, २३व्या कलमात, पाचही कायम सदस्यांची नावं लिहिलेली आहेत आणि चीनचं नाव तिथे १९४५ पासून आहे. १९४४ मध्ये वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स वाड्यात या परिषदेचा आराखडा ठरत होता, तेव्हा नेहरू आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. सनदेवर सह्या झाल्या २६ जून १९४५ ला. नेहरू सुटून जेमतेम अकरा दिवस झाले होते. भारतातर्फे गेलेल्या मंडळाचे प्रमुख होते रामस्वामी मुदलियार, तेही ब्रिटिश सरकारने धाडलेले.

बरं, तो चीन राष्ट्रवादी च्यांग कै-शेकचा, कम्युनिस्ट माओचा नव्हे. १९४९ मध्ये माओने च्यांगला तैवानला पिटाळलं तरी खुर्ची च्यांगकडेच राहिली, ती थेट १९७१ पर्यंत. नेहरू गेले २७ मे १९६४ ला. म्हणजे हे दान मृत्यूनंतर सात वर्षांनी झालं म्हणायचं!

आता १९५०. इथे तथ्याचा अंश आहे. विजयालक्ष्मी पंडित तेव्हा वॉशिंग्टनमध्ये आपल्या राजदूत होत्या. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी भावाला कळवलं, की चीनला उठवून तिथे भारताला बसवावं असा विचार अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या काही जणांच्या मनात घोळतोय. नेहरूंचं उत्तर साधारण असं होतं: भारताचा हक्क आहेच, पण चीनच्या जिवावर आम्ही आत जाणार नाही. हा पत्रव्यवहार खरा आहे, कोणी नाकारू नये. पण ती कानावर आलेली कुजबुज होती, प्रस्ताव नव्हे. आणि अमेरिकेच्या हातात तरी काय होतं? सनद बदलायची तर महासभेची दोन तृतीयांश मतं हवीत, शिवाय पाचही कायम सदस्यांची मंजुरी हवी. म्हणजे ज्याची खुर्ची काढायची त्याचीच सही लागणार! वर रशिया. माओच्या चीनला खुर्ची मिळत नाही म्हणून रशियाने त्याच वर्षी जानेवारीपासून सुरक्षा परिषदेवर बहिष्कार घातला होता. त्यांचा प्रतिनिधी परतला तो १ ऑगस्टला. तो रशिया महिनाभरात भारतासाठी सही करणार होता?

१९५५ चं प्रकरण आणखी किरकोळ. मॉस्कोत रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन यांनी नेहरूंकडे विषय काढला तो भारताला सहावा सदस्य करण्याचा; चीनची खुर्ची काढून देण्याचा नव्हे. नेहरू म्हणाले, आधी चीनचं मिटवा. त्यावर बुल्गानिनही म्हणाले, आम्ही फक्त तुमचं मत अजमावत होतो, ही वेळ नाही हे खरंच. त्याच सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला तेव्हा नेहरूंनी सांगितलं, की औपचारिक वा अनौपचारिक, कसलाही प्रस्ताव आलेला नाही. अनौपचारिकही नाही, हे माझ्या मते जरा हात राखून सांगितलेलं होतं. त्यावरून त्यांना जरूर धरा.

नेहरूंचं काय व्हायचं ते होवो. मला खटकतं ते वेगळंच. या फॉरवर्डमध्ये चीनची बावीस वर्षांची खटपट पार गायब होते. १९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश परिषदेला जमले. तिथे जायला चीनने विमान भाड्याने घेतलं, तेही एअर इंडियाचं. ‘काश्मीर प्रिन्सेस’. हाँगकाँगमध्ये त्यात बॉम्ब ठेवला गेला आणि ते समुद्रात कोसळलं. सोळा जण गेले, त्यांत कॅप्टन जटार होते. वाचले तिघेच: दीक्षित, पाठक आणि कर्णिक. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय आयत्या वेळी बेत बदलल्यामुळे त्यात नव्हते. ते बांडुंगला पोचले आणि एकेका देशाशी ओळख वाढवत बसले. १९६३ च्या डिसेंबरपासून तर ते आफ्रिकेतले दहा देश फिरले.

मग रेल्वे. झांबियाचं तांबं गोऱ्यांची सत्ता असलेल्या ऱ्होडेशियातून (आजचा झिंबाब्वे) न्यावं लागे. दुसरा मार्ग बांधायला पाश्चात्त्य पैसा मिळेना, परवडणार नाही म्हणून. चीनने बिनव्याजी कर्ज दिलं, स्वतःची माणसं पाठवली आणि १९७० ते ७५ मध्ये टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदरापर्यंत सुमारे १,८६० किलोमीटरचा रूळ टाकला. तेव्हा चीन स्वतः गरीब होता. आणि सगळं शहाणपणानेच चाललं होतं असंही नाही. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाकुळात कैरोचा एक सोडून सगळे राजदूत माघारी बोलावले होते.

चीनच्या खुर्चीवर कोण बसायचं, यावरची महासभेतली मतं मात्र सरकत होती. १९६१ मध्ये अमेरिकेने चीनचा प्रश्न ‘महत्त्वाचा’ ठरवून दोन तृतीयांशाची अट घातली. १९७० ला चीनच्या बाजूने ५१, विरोधात ४९. २५ ऑक्टोबर १९७१ ला ती अट टिकवण्याचा अमेरिकेचा ठराव ५५ विरुद्ध ५९ असा पडला, तेव्हा टांझानियाचे प्रतिनिधी सलीम अहमद सलीम सभागृहातच नाचले. (रेल्वे आठवा.) पाठोपाठ मुख्य ठराव: बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. तैवानची मंडळी त्याआधीच उठून गेली होती. आणि त्याच दिवसांत अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पेकिंगमध्ये (म्हणजे बीजिंगमध्ये) राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या चीनभेटीची तयारी करत होते!

त्या ७६ मतांत भारताचं मत होतं. १९६२ च्या ऑक्टोबरात, युद्ध चालू असतानाही आपण चीनच्या प्रवेशाच्याच बाजूने मत दिलं होतं. यावर टीका करायची तर भरपूर जागा आहे. त्यासाठी खुर्चीची गोष्ट रचायची गरज नाही.

राहता राहिला ‘जैश-ए-महंमद’चा म्होरक्या मसूद अझरचा मुद्दा, तो फॉरवर्डच्या शेपटाला असतोच. २०१९ च्या मेपर्यंत चीनने दहशतवाद्यांच्या यादीत त्याचं नाव घालणं अडवलं ते सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीत. तिथे एकमत लागतं, त्यामुळे दोन वर्षांसाठी निवडून आलेला सदस्यही अडवू शकतो. व्हेटोची गरजच नाही.

हे सगळं मामांना लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘पण १९५० ला हो म्हणायला काय बिघडलं असतं?’ प्रश्न चांगला आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये काश्मीरच्या ठरावावर आपल्यासाठी व्हेटो वापरला तो रशियाने. अमेरिकेच्या बाजूने, माओच्या चीनला बाहेर ठेवून आत शिरायला निघालो असतो, तर तो हात आपल्यासाठी वर झाला असता का, हे मामांना विचारलंय. अजून दोन निळ्या टिकाच दिसतायत.