डंपवर वाघ आला म्हणून जंगल आलं का?

चंद्रपूर-वणी भागातल्या ग्रुपांवर एक पोस्ट पुन्हा फिरतेय. वर खाणीचा राखाडी ढिगारा, खाली तोच ढिगारा हिरवागार. सोबतचा मजकूर साधारण असा: कोळसा काढून झाला की ओबीवर (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची खणून बाहेर टाकलेली माती-दगड, त्याचेच हे डंप) झाडं लावतात, दहा वर्षांत आधीपेक्षा दाट जंगल उभं राहतं, सॅटेलाइटवरही ते दिसतं, शास्त्रज्ञांनी करून दाखवलंय, कायदा आणि पैसाही आहे, खड्ड्याचा तलाव होतो, आता तर वाघही राहायला आलेत, मग खाणीला विरोध करणारे वाचवायला काय निघालेत?

वाघापासूनच सुरुवात करू, कारण लाइक त्यालाच पडतात. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरकडच्या ओबीच्या ढिगाऱ्यांवर वाघ-बिबटे दिसतात, हे खरं आहे. ताडोबा शेजारीच, तिथले वाघ वाढलेले, तरुण वाघाला नवी हद्द हवी. ढिगाऱ्यावर विलायती बाभळीची जाळी, खाली साचलेलं पाणी, खायला रानडुकरं आणि वस्तीतली गुरं-कुत्री. वाघाला एवढं पुरतं. असेच वाघ महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातही फिरतात. त्यावरून वीज केंद्राला जंगल म्हणायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. 2022च्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली. दुर्गापूरच्या एखाद्या माणसाला ही पोस्ट यशोगाथा म्हणून पाठवून बघा.

‘सॅटेलाइटवर हिरवं दिसतं.’ दिसणारच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांचं छत्र 10 टक्क्यांपर्यंत पोचलं की ते वनाच्छादन. झाड कोणत्या जातीचं, जमीन कुणाची, याचा तिथे संबंध नाही. निलगिरीची लागवडही त्यात बसते आणि आमराईही.

आता मुख्य दावा: आधीपेक्षा दाट जंगल. इथे गोष्ट रोपांची नसून मातीची आहे. या भागात वर काळी किंवा मुरमाड माती, तिच्याखाली कामठी थरांचा वालुकाश्म, त्याच्याखाली बराकर थरातला कोळसा. खुली खाण खणताना हा क्रम उलटतो. वरची माती आधी निघते आणि जपली नाही तर ढिगाऱ्याच्या पोटात गडप होते. सगळ्यात खोलवरचा दगड माथ्यावर येतो. कागदोपत्री वरची माती वेगळी काढून साठवायची असते. पण साठवलेली माती वर्षानुवर्षं उंच ढिगात पडून राहिली की तिच्यातलं बी मरतं, मुळांना साथ देणारी बुरशी मरते, आणि मागे उरते ती नुसती भुकटी.

मे महिन्यात अशा एखाद्या ढिगाऱ्याच्या माथ्यावर खड्डा खणून पाहावा. डंपरच्या चाकांनी सपाटी इतकी दाबलेली असते की कुदळ टणकन वर उडते. उतारावर मात्र सगळं भुसभुशीत, पहिल्या दोन पावसांतच हातभर खोल घळी पडतात. कोळशाचा चुरा मिसळला असेल तिथे ढिगारा आतून धुमसतोही. अशा जागी जे तगतं तेच लावलं जातं: सुबाभूळ, काशीद, ऑस्ट्रेलियन बाभूळ. ती भराभर वाढतात, फोटो छान येतो. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. उतार धरून ठेवतात, धूळ थोडी कमी करतात. पण तोडलेलं जंगल साग, ऐन, धावडा, मोह, चारोळी, तेंदूचं होतं. त्यातला तेंदू बहुतेक मुळांच्या फुटव्यांवर वाढतो, आणि इथे तर मुळंच जमिनीसकट उचललेली. पोस्टवाल्यांनी उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर आणि मोहफुलांवर चार पैसे करणाऱ्या घरात जाऊन विचारावं. सुबाभळीच्या पानाची विडी वळता येत नाही.

‘शास्त्रज्ञांनी करून दाखवलंय.’ हो, आणि जवळच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातल्याच गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडोरा उभा केला. पण तो कसा, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. खड्ड्यात साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) घातला, मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांना साथ देणारी बुरशी दिली. म्हणजे आधी माती घडवली, मग झाड लावलं. हे उदाहरण ‘नुसती रोपं लावा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचं नाहीच. शिवाय मँगनीजचा ढिगारा आणि डोंगराएवढे कोळशाचे ओबी यांच्या आकारात फरक आहे तो वेगळाच.

‘कायदा आहे, पैसाही ठेवलेला असतो.’ आहे. 2009च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून कोळसा कंपन्यांना खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात) पैसे भरावे लागतात. खुल्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी 6 लाख रुपये होता. तरीही जानेवारी 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, झाडं आणि प्राण्यांना योग्य करण्याची अट भाडेपट्ट्यांत घाला. व्यवस्था आपोआप चालत असती तर ही वेळ आली नसती. न्यायालयाने गवताचं नाव घेतलं, हेही लक्षात घ्या. दाट मुळांचं गवत आधी बसलं तर उतार थांबतो आणि मातीत कुजायला काही पडतं. पण गवताच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

खाणीच्या खड्ड्यात तलाव होतो म्हणणाऱ्यांनी त्या पाण्याची तपासणी आधी दाखवावी, मग बोलू.

पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा ‘इतकी लाख रोपं लावू’ हे ऐकून टाळ्या वाजवण्याऐवजी चार प्रश्न विचारा. वरची माती किती घनमीटर निघणार आणि ती किती महिन्यांत परत पसरणार? रोपांच्या यादीत तेंदू, मोह, चारोळी आहेत का? गवताचं बी कुठून आणणार? पाच वर्षांनी जगलेली झाडं कंपनी मोजणार की बाहेरचं कुणी? उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.