क्रेप बँडेज मुरगळलेल्या पायासाठी असतं

‘टी सुरू व्हायच्या आधीच महिन्याभरात मुलगा दिसा : सात हमखास उपाय’ असा एक मेसेज सध्या ट्रान्स मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. टी म्हणजे टेस्टोस्टेरॉन, डॉक्टरांकडून घ्यायचं पुरुषी हार्मोन; आणि ट्रान्स मुलं म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेली मुलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’ एवढं मात्र आहे. पोहोचला. माझ्या मावसभावापर्यंत पोहोचला, आणि भर मे महिन्यात तो छातीला क्रेप बँडेज गुंडाळून डोंबिवलीहून दादरला जनरल डब्यात उभ्याने जाऊ लागला. मी त्याची ताई आहे, त्यामुळे हे जरा चढ्या आवाजात लिहिलं जाणार.

उपाय पहिला (यातला बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा) : ‘बाइंडर महाग असतो. मेडिकलमधून क्रेप बँडेज आणा, घट्ट गुंडाळा, झोपतानाही काढू नका. छाती हळूहळू बसते.’

बसत नाही. दाबल्याने ती तेवढ्या वेळापुरती सपाट दिसते, कमी होत नाही. श्वास घेताना बरगड्यांना फुगायला जागा लागते, आणि ताणलेलं बँडेज नेमकं तेव्हाच उलट आत ओढतं. वर घामाने ते सरकतं, म्हणून दुसऱ्यांदा आणखी आवळलं जातं. त्याच्या काखेखाली दोन बोटं रुंद लाल वळ होता आणि त्यात बँडेजच्या क्लिपचा ठसा वेगळा उमटला होता. जिना चढून आला की दारातच टेकायचा. विचारलं तर म्हणे, “ताई, उन्हाळा आहे, सगळ्यांनाच दम लागतो.”

2017 साली ‘कल्चर, हेल्थ अँड सेक्शुअ‍ॅलिटी’ या नियतकालिकात सारा पाइट्झमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. छाती बांधणाऱ्या 1,800 जणांना त्यांनी प्रश्न विचारले. 97 टक्क्यांहून जास्त जणांनी निदान एक तरी त्रास सांगितला, आणि पाठदुखी तर निम्म्याहून अधिकांना. आता यातली अडचणीची गोष्ट. ‘बँडेज वाईट, विकतचा बाइंडर उत्तम’ असं म्हणायला मी टपून बसले होते, तर या अभ्यासात विकतच्या बाइंडरशी जोडलेल्या तक्रारी बँडेजपेक्षा जास्त निघाल्या. (तोच जास्त घातला जातो म्हणून असेल, हा माझा अंदाज.) सगळ्यात जास्त तक्रारींशी संबंध लागला तो आठवड्यातून किती दिवस बांधता याचा. म्हणजे आठवड्यात न बांधण्याचे दिवस हवेत. आठ तासांच्या वर नको, झोपताना नको, व्यायाम करताना नको, हा नेहमीचा सल्लाही आहेच. आणि बांधूच नका असं कुणी म्हणत नाहीये. बांधल्याने मनाला बरं वाटतं हेही त्याच अभ्यासातल्या लोकांनी सांगितलं आहे. घरी सुट्टीच्या दिवशी घट्ट स्पोर्ट्स ब्रा, त्यावर गंजी आणि सैल चौकड्यांचा शर्ट एवढ्यावर पुष्कळ भागतं.

दुसरा उपाय वाचून तर डोकंच फिरलं. ‘बाहेर असताना पाणी पिऊ नका, म्हणजे कुठल्या बाजूच्या मुतारीत जायचं हा प्रश्नच येत नाही.’ छाती आवळलेली, अंगातून घामाच्या धारा आणि वर पाणी बंद! लघवीचा संसर्ग, मुतखडा, उष्माघात, जे आधी येईल ते. मुतारीचा प्रश्न खोटा नाही. पुरुषांकडे भिंतीला लागून रांग असते आणि एकुलत्या केबिनला कुलूप असतं. पण पैसे देऊन सुलभमध्ये आत कडी लावता येते, मॉलमध्ये येते. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या अशा जागा माहीत करून घ्यायच्या आणि पाणी प्यायचं.

तिसरा, ‘रोज वस्तरा फिरवा, दाढी येईल.’ येत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून ते राठ लागतं, एवढंच. चौथा उपाय मिनॉक्सिडिल, म्हणजे केस उगवायला लावतात ते औषध. त्याबद्दल मात्र अर्धं मान्य करावं लागेल : काहींना चेहऱ्यावर केस येतात. पण मुळात ते रक्तदाबाचं औषध आहे, धडधड होऊ शकते, तेव्हा आधी डॉक्टरला विचारा. आणि मांजराच्या पोटात गेलं तर ते मरू शकतं. मावशीकडे मांजर आहे.

पाचवा, ‘रोज अर्धा तास ओरडा, आवाज फुटेल.’ फुटेल, पण घोगरा होऊन. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात, ओरडल्याने नुसते सुजतात. स्पीच थेरपिस्ट सावकाश, खालच्या पट्टीत, छातीतून बोलायला शिकवतात. ‘आलो, गेलो’ हे आधी घरात आणि मग रिक्षावाल्याशी बोलून सराईत करणं याचाही उपयोग होतो, आणि घसा शाबूत राहतो.

सहावा, ‘हसू नका, पुरुष हसत नाहीत.’ आमचे काका ऐकताय ना?

सातवा उपाय नाहीच, धमकी आहे : ‘एवढं करूनही कुणी मॅडम म्हणालं, तर तुम्ही खरे पुरुष नाही.’ 15 एप्रिल 2014च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं अनैतिक आणि बेकायदेशीर म्हटलं. जिथे न्यायालय ऑपरेशन मागत नाही, तिथे हे ग्रुप अ‍ॅडमिन बँडेज मागतायत.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान पहिले दोन उपाय काढून पाठवा. सहावा करमणुकीला ठेवला तरी चालेल.