शेजारी बुडाले की आपलं फावतं?

द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ चौघंही फुकटच्या योजना वाटून आणि चीनचं कर्ज काढून दिवाळखोर झाले. बुडू देत. त्यांचं गिऱ्हाईक आपसूक आपल्याकडे येईल.’ आपल्या सांगलीतली शहाणी माणसंही तो पुढे ढकलतायत, म्हणून हे लिहिणं.

‘चौघंही दिवाळखोर.’ साफ चूक. परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले ते एकट्या श्रीलंकेने, एप्रिल २०२२ मध्ये. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफ) हात धरून काठावरून परतला. १९५८ पासून वीसपेक्षा जास्त वेळा त्याने तेच दार ठोठावलंय. ढाका आणि काठमांडूत सरकारं पडली, तिजोरी नाही. शेख हसीनांना ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडावा लागला, त्याची ठिणगी सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून पडली. नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये निमित्त झालं सोशल मीडियाच्या बंदीचं. दोन्हीकडे शिकलेल्या पोरांना काम नाही, हे जुनं दुखणं. ते काय फक्त तिकडेच आहे?

‘फुकट वाटून बुडाले.’ श्रीलंकेने वाटलीच असेल तर करसवलत. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. पाठोपाठ कोरोना आला, पर्यटन बसलं, डॉलर आटले. त्यात २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद. नाव सेंद्रिय शेतीचं, पण डॉलर वाचवायचा हिशेबही त्यामागे होताच. वाळव्यात उसाच्या भरणीला युरियाचं पोतंच मिळालं नाही तर काय होईल, हे मेसेज पाठवणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. तिथे भाताचं तेच झालं. तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण तोवर हंगाम हातचा गेला होता.

‘चीनचं कर्ज.’ पाकिस्तानपुरतं यात तथ्य आहे, तिथे चीन सर्वांत मोठा सावकार देश आहे. श्रीलंकेच्या परकीय कर्जात मात्र चीनपेक्षा मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. तिथलं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेकरारावर चिनी कंपनीकडे गेलं, हे खरं. नेपाळचं नाव या यादीत कसं आलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता ‘गिऱ्हाईक आपल्याकडे येईल’. अहो, बांगलादेश हाच आपला गिऱ्हाईक! हंगामात बागेत सौदा ठरतो, चार किलोच्या पेटीवर दर बोलला जातो, माल क्रेटमध्ये भरून ट्रक थेट बंगालच्या सीमेकडे निघतो. युरोपला न जाणाऱ्या मालाला हा मोठा आधार. मे २०२२ मध्ये डॉलर वाचवायला बांगलादेशाने फळं, फुलं, फर्निचर अशा शंभरावर वस्तूंवर जादा आयातकर बसवला. वर डॉलरच्या टंचाईमुळे तिथल्या आयातदाराला बँकेत एलसी, म्हणजे माल पाठवणाऱ्याला पैशाची बँकेने दिलेली हमी, उघडणं मुश्किल झालं. कर वाढला की पलीकडचा व्यापारी तो स्वतःच्या खिशातून भरत नाही, इकडचा दर पाडून मागतो. तो मागेल त्या भावाला माल द्यायचा नसेल तर बेदाणा करायचा, आणि मग सगळ्यांचाच माल शेडवर आला की बेदाण्याचे सौदेही खाली.

सुताचंही तसंच. तयार कपड्यांवर जगणारा बांगलादेश भारतीय सुताचा मोठा खरेदीदार. एप्रिल २०२५ मध्ये त्याने जमिनीवरच्या नाक्यांतून सूत घेणं बंद केलं. पुढच्याच महिन्यात आपण त्यांच्या कपड्यांना तेच नाके बंद केले. ढाक्याच्या काही ऑर्डरी तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडा कारखान्यांकडे वळूही शकतील. पण तेवढ्याच सहज त्या व्हिएतनामलाही जातील, आणि आपल्याकडच्या सूतगिरण्यांचा ढाक्याला जाणारा माल पडून राहील.