भुईकाट्याच्या लॉगविषयीच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या लॉग-शोध सेवेला (लॉग म्हणजे यंत्राने आपोआप लिहिलेल्या नोंदी) दोन तारे देऊन लिहिले आहे की, सावद्याच्या आपल्या केळी केंद्रावरील भुईकाट्याचा गाडीनिहाय अहवाल काढला असता महाराष्ट्राच्या सगळ्या गाड्या ‘एमएच’ या एकाच नावाखाली गोळा होतात, भरल्या ट्रकचे वजन १२ दिसते, आणि म्हणून ही प्रणाली बिनकामाची आहे. आपले निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

आपल्या काट्याची मूळ रोमन लिपीतील ओळ साधारण अशी येते : ‘वेळ:१०:४५:३२ गाडी=एमएच १९ … वजन=१२,४५० किलो शेरा=दर=ठरायचा’. स्प्लंक या लॉग शोधण्याच्या सॉफ्टवेअरची आपोआप चालणारी निवड बरोबरच्या चिन्हापुढचा मजकूर उचलते; पण तो अवतरणचिन्हांत नसेल तर मोकळी जागा किंवा स्वल्पविराम येताच थांबते. त्याच्या ‘एक्स्ट्रॅक्ट’ आज्ञेत विभाजक, म्हणजे तुकडे पाडणारे चिन्ह, आपण ठरवू शकतो, पण येथे मोकळी जागा दिली तर गाडीचा क्रमांक तुटतो, स्वल्पविराम दिला तर वजन तुटते आणि अपूर्णविराम (:) दिला तर वेळेचे तुकडे पडतात.

म्हणून आपल्या खात्यात आम्ही मजकुराचा साचा देऊन भाग वेगळे काढणाऱ्या ‘रेक्स’ आज्ञेचा असा नियम लावला आहे की, ओळीत पुढचे ओळखीचे नाव (गाडी, वजन, शेरा) येईपर्यंतचा सगळा मजकूर आधीच्या नावाचा धरावा; त्यामुळे शेऱ्यातील ‘दर=ठरायचा’ शेऱ्यातच राहते. वजनातला स्वल्पविराम आधी काढावा लागतो, नाहीतर ते बेरजेत येत नाही. हे सारे शोधाच्या वेळी घडत असल्याने मागच्या हंगामाच्या नोंदी पुन्हा भरण्याची गरज नाही.

हा नियम सर्व ग्राहकांना सरसकट का लावला नाही, असे आपण विचाराल. प्रत्येक काट्याच्या सॉफ्टवेअरमधील नावे वेगळी असतात, आणि यादीत नसलेले नाव आले तर ते आधीच्या मजकुरात गुपचूप मिसळते. ट्रकचे वजन १२ दिसले की कोणाच्याही लक्षात येते. खरे भासणारे चुकीचे वजन मात्र थेट हिशेबात जाऊन बसते, आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटते. पक्का उपाय काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याकडेच आहे : त्याने प्रत्येक नावापुढचा मजकूर अवतरणचिन्हांत लिहावा.

तोवर एमपी आणि एचआर क्रमांकाच्या गाड्यांच्या काही ओळी आम्हाला पाठवाव्यात. काटेवाले ते क्रमांक कधी जोडून, कधी तोडून टाकतात, त्यामुळे त्या पाहिल्याशिवाय नियम कायम करणार नाही.