परक्यांची घाण काढायला पोरगी कशाला धाडायची?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी, तिकडे नर्ससह कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी एक वाद ऐकू येतो. घरातली पहिलीच बारावी झालेली मुलगी म्हणते, नर्सिंगला जर्मनीला जायचंय. एक काका म्हणतात, लातूरला राहून डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आणखी एक वर्ष दे. दुसरे म्हणतात, परक्या म्हाताऱ्यांची घाण काढायला पोरगी तिकडं कशाला धाडायची? मुलगी ‘मला सेवा करायचीय’ म्हणते आणि गप्प बसते.

जर्मनीत राहून पाहिलं, तर दुसऱ्या काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. कामाचं त्यांनी केलेलं वर्णन खरं आहे. इथे अंघोळ घालणं, कूस बदलणं, शौचाला नेणं ही कामं शिकलेली नर्सही करते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा अंबाजोगाईच्या स्वारातीत, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयांत, ती पेशंटसोबतचे नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. म्हणून बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या मुली इथे पहिल्याच महिन्यात हबकतात. पण अंग पुसतानाच माकडहाडावरचा लाल डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झाला, हे तिथेच कळतं. औषधांची ट्रॉली ढकलत पुढे जाणाऱ्याला तो डाग दिसत नाही.

आणि हे काम आपल्या मुलींना नवीन नसतं. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला गेले की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसं पोरींच्या हवाली असतात. फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवायचं, सुई टोचल्यावर आजी जेवली का ते बघायचं, रोज तळपायाला जखम नाही ना ते पाहायचं. घाम फुटून हात थरथरायला लागले तर आधी साखर द्यायची, मग बाकीचं. नर्सिंग कॉलेजात हेच पुढे शास्त्रासह शिकवतात.

पण अर्जासोबतच्या एका पानाच्या प्रेरणापत्रात यातलं काहीच येत नाही. एजंटाने दिलेला मजकूर येतो: लहानपणापासून रुग्णसेवेची आवड, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा आदर्श. मुलाखतीत विचारतात, ‘तुम्ही कुणाची काळजी घेतली, नेमकं काय केलं?’ पाठ केलेलं पत्र तिथेच संपतं. म्हणून कुणासाठी, किती महिने, रोज काय केलं, काय चुकलं आणि मग काय बदललं, एवढंच लिहावं. पगार हवाय, धाकट्या भावाची फी भरायचीय, हेही बेधडक लिहावं. पगाराची अपेक्षा ठेवली की सेवाभाव उणा होतो, ही समजूत आपली. इथे तसं कुणी मानत नाही.

इथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं. किमान २,१०० तास वर्गात, २,५०० तास वॉर्डात. फी नाही. सरकारी वेतनकरार असलेल्या रुग्णालयांत पहिल्याच वर्षी महिना १,३०० युरोंहून जास्त विद्यावेतन मिळतं. विमा आणि खोलीभाडं गेल्यावर त्यातून घरी पाठवायला फार उरत नाही, हे एजंट सांगत नाहीत. बीएस्सी झालेल्या मुलीला बी-टू पातळीच्या (मध्यमाच्या वरच्या) जर्मन भाषेशिवाय नर्स म्हणून मान्यता मिळत नाही, हेही बहुतेक वेळा झाकून ठेवतात. मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या ताब्यात कधीही देऊ नयेत.

पैशाहून आम्हाला मोलाचा वाटतो तो एक नियम. वॉर्डातल्या तासांपैकी किमान दहा टक्के वेळ प्रशिक्षित मार्गदर्शकाने शेजारी उभं राहून शिकवावाच लागतो. आपल्याकडे विद्यार्थिनीला अनेकदा रिकाम्या पदाच्या जागी उभं करतात आणि त्याला अनुभव म्हणतात. तीन वर्षांत उमेद मरते ती तिथे. मराठवाड्यातली हुशार पोरं बाहेर जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी हे दहा टक्के आणि विद्यावेतन आपल्या जिल्हा रुग्णालयांसाठी मागावं. जाणाऱ्या मुलीला अडवून वॉर्डातली परिस्थिती बदलणार नाही.

आणि ‘नीट’चं आणखी एक वर्ष सुचवणाऱ्या काकांसाठी एवढंच: आपल्याकडच्या जीएनएम या नर्सिंग पदविकेला विज्ञान शाखाही लागत नाही. कला शाखेतून, इंग्रजी विषय घेऊन, किमान ४० टक्क्यांनी बारावी झालेल्या मुलीलाही अर्ज करता येतो.