डोळ्यातला लाल डाग आणि मेंदूतला रक्तस्राव

‘डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक लाल डाग उमटला, तर ती मेंदूतली नस फुटण्याची पूर्वसूचना आहे, रक्त पातळ करणारी गोळी ताबडतोब थांबवा आणि डोळ्यात मध घाला,’ असा एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. त्यातले मूळ विधान चूक आहे आणि दोन्ही सल्ले घातक आहेत.

डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्यातली केसासारखी बारीक रक्तवाहिनी जोराच्या खोकल्याने, शिंकेने, उलटीने, कुंथल्याने किंवा नुसते डोळे चोळल्यानेही फुटते आणि एखादा थेंब रक्त पडद्याखाली पसरते. पडदा पारदर्शक असल्यामुळे तेवढेही रक्त भडक दिसते, पण ते मेंदूतून आलेले नसते. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. सकाळी आरशात पाहिल्यावरच डाग लक्षात येतो. संदेशात तथ्याचा अंश असलाच तर तो इतकाच, की वाढलेला रक्तदाब हे यामागचे एक कारण असू शकते, म्हणून तो एकदा मोजून घ्यावा.

गोळी थांबवण्याचा सल्ला सर्वांत वाईट आहे. अशा गोळ्यांमुळे डाग मोठा दिसू शकतो हे खरे; परंतु ज्या गुठळीच्या भीतीने त्या दिलेल्या असतात, ती गुठळी गोळी परस्पर बंद केल्यास मेंदूत अडकून पक्षाघात होऊ शकतो, म्हणजे नस फुटण्याची भीती घालणारा संदेश मेंदूवरच्या दुसऱ्या संकटाला आमंत्रण देतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घ्यावी.

मध निर्जंतुक नसतो, त्यामुळे संसर्गाचा धोका असतो. लाली घालवणारे थेंबही इथे निरुपयोगी, कारण ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात. बाहेर सांडलेले रक्त त्यांनी हटत नाही. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नयेत, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो. डाग पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा पसरतो, मग पिवळसर होत साधारण 1 ते 3 आठवड्यांत जातो. डोळा खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात.

मात्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा चिकट स्राव असेल, तर हा साधा डाग नव्हे. डाग वारंवार येत असेल तरीही तपासणी हवी. आणि डोक्याला मार लागल्यानंतर आलेल्या डागाची मागची, म्हणजे डोळ्याच्या खोबणीकडची कड दिसतच नसेल, तर कवटीच्या तळाशी हाड मोडल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते.