रॉकेट पडलं त्याचं काही नाही, गिऱ्हाइकाचं बोला

२०२५चा पाडवा रविवारी आला होता. श्रीखंड-पुरीची सुस्ती, गुढी उतरवायला अजून वेळ, आणि मी चार वाजता मोबाईलवर नॉर्वेतला अँडोया हा रॉकेटतळ बघत बसलेलो. बर्फाचे डोंगर, शेजारी समुद्र, आणि मधोमध म्युनिकजवळच्या इसार एरोस्पेस या खासगी कंपनीचं २८ मीटरचं स्पेक्ट्रम रॉकेट. उडालं, थोडं वर गेलं, डुलायला लागलं, आडवं झालं, आणि साधारण तिसाव्या सेकंदाला इंजिनं बंद होऊन समुद्रात. पाठोपाठ आगीचा लोळ. बायको म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी चहा थांबवलात?"

तेव्हापासून मित्रांच्या ग्रुपवर एकच पालुपद: युरोपला हे जमणार नाही. अहो, पहिलं रॉकेट पडतंच. आपलं एसएलव्ही-३ १९७९ला बंगालच्या उपसागरात गेलं, मस्कच्या स्पेसएक्सचं फाल्कन १ ओळीने तीनदा फसलं. मला घोर आहे तो वेगळाच: ही रॉकेटं नीट उडायला लागल्यावर त्यात बसणार कोण, म्हणजे उपग्रह पाठवायला गिऱ्हाईक कुठून येणार?

२०२४मध्ये स्पेसएक्सने सव्वाशेच्या वर उड्डाणं केली. युरोपने तीन. त्यांच्या रॉकेटांपैकी एरियन ५ निवृत्त, एरियन ६ जुलैपर्यंत तयार नाही, वेगा-सी २०२२मध्ये फसल्यापासून डिसेंबरपर्यंत बंद, आणि रशियन सोयूझ युद्धामुळे बंद. युरोपला स्वतःचे गॅलिलिओ (म्हणजे युरोपचं जीपीएस) उपग्रह फाल्कनवर चढवावे लागले. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेबचे ३६ उपग्रह तर युद्धामुळे बायकोनूरच्या रशियन तळावर अडकले, मग ती कंपनी श्रीहरिकोट्याला आली आणि आपल्या एलव्हीएम-३ने दोन खेपांत ७२ उपग्रह नेले.

२०१८मध्ये एरियन बनवणाऱ्या एरियनग्रुपच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत हिशेब मांडला होता. युरोपात वर्षाला हमखास दहा उड्डाणं आहेत आणि एक रॉकेट दहादा वापरता येतं असं धरलं, तर वर्षाला एकच रॉकेट बांधायचं. मग कारखान्यातल्या लोकांना सांगायचं काय? लोक हसले. मला तो माणूस प्रामाणिक वाटला. उड्डाणंच पुरेशी नाहीत, हे खरं दुखणं त्याने बोलून दाखवलं होतं.

त्यात वाटणीची भानगड. युरोपीय अवकाश संस्थेचा नियमच असा की जो देश जितके पैसे घालेल, साधारण तितकं काम त्याच्या कंपन्यांना. सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर प्रत्येक गटाचा माणूस लागतो ना, तसं. एरियन ६चे भाग वेगवेगळ्या देशांतून गोळा करत एक शिडाचं जहाज अटलांटिकपार फ्रेंच गयानाला जातं. (शिडाचं! त्याचं मात्र कौतुक.) नव्या खासगी कंपन्यांसाठीच्या स्पर्धेतही २०२५मध्ये पाच जणांना निवडलं, प्रत्येकी जास्तीत जास्त १६.९ कोटी युरो. माझ्या मते दोघांना निवडून त्यांना दहा वर्षांच्या सरकारी उड्डाणांची लेखी हमी द्यायला हवी होती. प्रसाद सगळ्यांना पुरतो, पण पोट कुणाचंच भरत नाही.

फिनलंडच्या आइसआयकडे बघा. विद्यापीठातल्या पोरांनी सुरू केलेली कंपनी. ढगांतून, रात्रीच्या अंधारातही जमीन दिसेल असे छोटे रडार उपग्रह बनवते. रॉकेटच्या फंदात पडलीच नाही, आधी गिऱ्हाईक शोधलं. आज पोलंड, जर्मनीची सैन्यं तिच्याकडे येतात. पहिला उपग्रह जानेवारी २०१८मध्ये आपल्या पीएसएलव्हीवर गेला होता. आताचे बहुतेक फाल्कनवर जातात.